मुलांच्या नखांवरील खुणा ओळखा

मुलाच्या नखावर पांढरा ठिपका दिसला, की 'कॅल्शियम कमी पडते' असा निष्कर्ष अनेक घरांत काढला जातो आणि टॉनिकची बाटली आणली जाते. प्रत्यक्षात हे ठिपके बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराने उमटतात आणि नखाबरोबर पुढे सरकून नाहीसे होतात. मुलांच्या नखांतील बरेच बदल असेच निरुपद्रवी असतात. काही खुणा मात्र शरीरातील आजाराकडे बोट दाखवतात. हा फरक पालकांना ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

आजारपणाची नोंद

नख केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते आणि त्वचेखालील मुळात तयार होते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याहून बरेच सावकाश. त्यामुळे नखावरील खूण अनेकदा काही आठवड्यांपूर्वीच्या आजाराची असते. तीव्र तापात नखांची वाढ मंदावते आणि पुढे त्यांवर आडव्या खाचा दिसतात. हात, पाय व तोंडावर पुरळ उठणाऱ्या विषाणूजन्य आजारानंतर एक-दोन महिन्यांनी काही मुलांची नखे मुळापासून सुटून गळतात. नवी नखे आपोआप येतात.

प्रमुख कारणे व लक्षणे

* नखुरडे : अंगठा चोखणे व नखे कुरतडणे यांमुळे नखालगतची त्वचा लाल होते, सुजते, ठणकते. पू झाल्यास उपचार आवश्यक असतात.
* चमच्यासारखी खोलगट नखे : तान्ह्या बाळाच्या पायाच्या नखांत ही सामान्य बाब आहे. मोठ्या मुलाच्या हाताची नखे अशी झाल्यास लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी.
* बारीक खड्डे : सोरायसिस, इसब किंवा चाई या विकारांत नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात.
* बुरशी : नख पिवळट, जाड व ठिसूळ होते. मुलांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी असते; म्हणून तपासणीने खात्री करूनच औषध सुरू करावे.
* रुतलेले नख : घट्ट बूट व कोपरे गोलाकार कापण्याची सवय यांमुळे पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतते. नख सरळ कापावे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

बोटांची टोके फुगून नखे घुमटासारखी गोल झाल्यास हृदयाचा जन्मजात दोष किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असू शकतो. नखावरील काळी उभी रेघ मुलांत बहुतेकदा तिळासारखी निरुपद्रवी असते. ती रुंदावत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. नखांबरोबर ओठ व जीभ निळसर दिसू लागल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

आठवड्यातून एकदा नखे कापताना वीसही बोटे नीट न्याहाळावीत. बदल एकाच नखात असेल, तर कारण बहुधा मार किंवा संसर्ग असते. अनेक नखे एकदम बदलली असतील, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.