ताजमधून गिरणगावात

गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट म्हणून गाजले. ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवणाऱ्या या जॅझवादकाला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पण जॅझचे ते झिंगवणारे ठेके ताजच्या नाचघराबाहेर पडून लालबाग-परळच्या चाळींपर्यंत पोचले ते सिनेमामुळे. १९५१चा ‘अलबेला’: संगीत सी. रामचंद्र ऊर्फ पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, दिग्दर्शक-नायक गिरणी कामगाराचा मुलगा भगवानदादा. चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही झळकले.

धोबीतलावच्या कूडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामुदायिक वसतिगृहांत, उतरलेले त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक स्टुडिओंत वाजवत. पाश्चात्त्य स्वरलिपी ते सहज वाचत. त्यांच्याविना हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभाच राहिला नसता. श्रेयनामावलीत मात्र बहुतेकांची नावं आलीच नाहीत, हा अन्यायच होता.

चिक १९६७मध्ये गेले.