लेप गेला, लेप आला

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नेई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं खसाखसा घासला. त्यावर स्थिर विजेचा भार चढला. मग तारीख आणि जागेचं नाव लिहिलेली काचपट्टी वर ठेवून दिवा लावला, लायकोपोडियमची भुकटी शिंपडली, आणि पत्र्यावर अक्षरं उमटली. ती उचलून घेण्यासाठी दोघांनी मेणकागद वापरला. मेण तापवल्यावर भुकटी त्यात रुतून बसली. झेरॉक्सची पहिली प्रत निघाली ती अशी, लेप दिलेल्या कागदावर.

पुढची वीस वर्षं कार्यालयांतल्या बहुतेक नकलायंत्रांना खास कागद लागे. १९५० मध्ये थ्री-एम कंपनीनं आणलेल्या थर्मो-फॅक्सला उष्णतेनं काळा पडणारा कागद लागे. कालांतरानं तो आपोआप काळवंडे आणि ठिसूळ होई. १९५४ मध्ये आरसीए कंपनीनं इलेक्ट्रोफॅक्स पद्धत जाहीर केली. तिच्यात झिंक ऑक्साइडचा लेप कागदावरच असे, त्यामुळे प्रकाशाला प्रतिसाद देणारा पृष्ठभाग म्हणजे कागदच. यंत्र सुटसुटीत व्हायचं, पण कागद जड, काहीसा करडा, हाताला खडूसारखा लागणारा. यंत्र एकदाच घ्यावं लागे, कागद मात्र जन्मभर.

हे गणित १९५९ मध्ये उलटलं. रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीनं, म्हणजे नंतरच्या झेरॉक्सनं, ‘९१४’ हे यंत्र बाजारात आणलं. यात प्रकाशाचं काम सेलेनियमचा थर असलेल्या ड्रमकडे होतं. ड्रमवरचं चित्र कुठल्याही साध्या कागदावर उतरे. जवळपास २९५ किलोचं हे धूड कधी कधी कागद पेटवून द्यायचं, म्हणून सोबत छोटं अग्निशामक मिळे. तरीही कंपन्यांनी ते महिना ९५ डॉलर भाड्यानं घेतलं, कारण त्यात कुठलाही कोरा कागद चालत होता.

छापखान्यात मात्र लेपाचं राज्य आधीपासूनच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ब्लॉक आले आणि छायाचित्रं बारीक ठिपक्यांत छापली जाऊ लागली. खरखरीत कागदावर हे ठिपके तुटत. म्हणून कागदावर चिनी माती आणि केसीनसारखा चिकट पदार्थ यांचा लेप देऊन तो रुळांखाली घासूनपुसून गुळगुळीत करायची पद्धत रूढ झाली. तोच आपल्याकडचा आर्ट पेपर. मराठी दिवाळी अंकांत मजकूर साध्या कागदावर आणि रंगीत चित्रं आर्ट पेपरवर, ही वाटणी वाचकांच्या ओळखीची आहे.

रंगीत नकलांचं यंत्र आलं तेव्हा हीच गरज पुन्हा उभी राहिली. झेरॉक्सनं १९७३ मध्ये ‘६५००’ हा रंगीत कॉपियर काढला. १९८७ मध्ये कॅननचं सीएलसी-१ हे डिजिटल यंत्र आलं. काळ्या अक्षरांना बाँड पेपर पुरतो. रंगीत छायाचित्रात मात्र तीन-चार रंगांचे टोनर एकावर एक चढतात. कागदाच्या खळग्यांत ते सारखे बसत नाहीत आणि रंग मळकट दिसतो. ग्राहकाला हवी होती मासिकाच्या मुखपृष्ठासारखी चकाकी.

पण छापखान्याचा आर्ट पेपर या यंत्रांत जसाच्या तसा चालेना. छापखान्यातल्या ऑफसेट छपाईत शाई उष्णतेशिवाय बसू शकते. इथे टोनर वितळवायला फ्यूजरचे रूळ शंभर-दीडशे अंशांच्याही वर तापतात. कागदातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दोन्ही बाजूंच्या लेपामुळे तिला वाट मिळत नाही. पृष्ठभागावर फोड येतात. गुळगुळीत ताव एकमेकांना चिकटून दोन-दोन ओढले जातात. लेपाचे विद्युतगुणही वेगळे, त्यामुळे टोनर नीट उतरत नाही. जुन्या रंगीत यंत्रांत फ्यूजरला सिलिकॉन तेल लावत. ते छापील पानावर उतरे आणि त्यावर पेन चालत नसे.

उपाय दोन्ही बाजूंनी झाले. कागद गिरण्यांनी उष्णता सोसणारे लेप आणि नेमका ओलावा राखलेला डिजिटल छपाईचा आर्ट पेपर आणला. यंत्रवाल्यांनी टोनरमध्येच मेण मिसळून तेल हटवलं, ट्रेमध्ये ताव सुटे करणारा हवेचा झोत बसवला आणि जाड किंवा लेपाच्या कागदासाठी वेग कमी करणारी सोय दिली. १९९३ मध्ये इंडिगो आणि झायकॉन यांनी डिजिटल रंगीत छपाईयंत्रं आणली. इंडिगोच्या द्रवरूप शाईसाठी तर कागदावर वेगळं अस्तर लावायची पद्धत पडली.

इंकजेटचा फोटोपेपर ही मात्र स्वतंत्र जात आहे. त्याचा लेप शाई शोषण्यासाठी असतो, अनेकदा खाली प्लास्टिकचा थरही असतो. तो लेझर प्रिंटरमध्ये घातला की फ्यूजरवर वितळून चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च येतो.

महाराष्ट्रात लेपाच्या कागदाचा मोठा कारखाना पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या पाणलोटाजवळच्या भिगवणला आहे. इंडोनेशियाच्या सिनार मास समूहानं तो १९९० च्या दशकात उभारला आणि २००१ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजनं घेतला. पुण्या-मुंबईच्या कलर झेरॉक्सच्या दुकानांत आज गिऱ्हाईक कागदाचा विचार जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरच्या ग्रॅम वजनात करतं: पत्रकाला १३० किंवा १७०, व्हिजिटिंग कार्डाला ३०० चं आर्ट कार्ड, ग्लॉस हवं की मॅट.

इंकजेटची खास कागदाची अट सोडवायचा मार्गही निघाला: २००८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या ड्रुपा या छपाई प्रदर्शनात फुजीफिल्मनं जेट प्रेस ७२० हे इंकजेट यंत्र दाखवलं. ऑफसेटचा नेहमीचा आर्ट पेपर त्यात चालतो, कारण शाईच्या आधी यंत्रच प्रत्येक तावावर एक पातळ द्रव पसरवतं. त्यावर इंकजेटची शाई पडताच गोठते आणि ठिपका पसरत नाही.