नावावरचा बोजा

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारपेठेत आसपासच्या खेड्यांतले कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आगी लागल्या. पण खरी मागणी एकच होती: वह्या आणि रोखे बाहेर काढा. पुढच्या गावांतही तेच. कागद निमूट हाती आले तिथे सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागद मात्र जाळले.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते, आणि आजच्या दौंडचा बराचसा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत असे. ठिणगी मात्र शिरूरची. डिसेंबर १८७४ मध्ये करडे गावच्या काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी, पाणक्या, गिऱ्हाईक, सगळे बंद.

राग माणसापेक्षा कागदावर का? अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा सावकार बोलावून कर्ज देत होते. १८६५ नंतर भाव कोसळला, सारा वाढला आणि वसुली सुरू झाली. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठेवली होती, म्हणजे व्याज साचत राहू नये. सावकाराने त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेली बाकी मुद्दल धरून नवा रोखा लिहायचा. वाचता न येणारा कुणबी त्याखाली निशाणी करायचा, पुष्कळदा नांगराचीच. जुने देणे असे दर खेपेला नवे कोरे होऊन उभे राहायचे.

सरकारने पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना पकडले, चौकशी आयोग नेमला. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ हिशेब उघडण्याचा अधिकार मिळाला. जाळपोळीपेक्षा हे कलम शहाणे होते.

गंमत अशी, की रोखे जळाले, पण घर गमावलेल्या देशमुखांचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले. आज मोबाइलवर शोधले तरी करड्याची हकिगत सापडते.

असेच काहीसे स्पेनच्या मारिओ कोस्तेहा गोन्सालेस यांच्या वाट्याला आले. १९९८ मध्ये थकबाकीपोटी त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस वृत्तपत्रात छापून आली. देणे कधीच मिटले, पण गूगलवर नाव टाकले की ती नोटीस पुढे यायची. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. नावाच्या शोधातून दुवा काढायचा, वृत्तपत्राचे पान मात्र जागेवरच. सुप्याच्या उठावाला आदल्याच दिवशी १३९ वर्षे झाली होती. आणि ज्याने विसरले जाण्याचा हक्क मागितला, तो त्याच खटल्यामुळे जगभर ठाऊक झाला.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा हक्क आहे. पण जी नोंद कायद्याने जपायची, तिला पुसण्याचा हक्क लागत नाही. कर्जाचा इतिहास सांभाळणाऱ्या कंपन्या तो किमान सात वर्षे ठेवतात. १८५९ ची मुदत तीनच वर्षांची होती.

शिरूर-दौंडचा शेतकरी आज स्वतःचे नाव सर्वांत जास्त कुठे शोधत असेल, तर सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर. गट नंबर आठवत नसला तरी जिल्हा, तालुका, गाव निवडून नाव किंवा आडनाव टाकले की सातबारा उघडतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. पण सोसायटीचे कर्ज फिटले म्हणून ‘इतर हक्क’मधला बोजा आपोआप उतरला, असे समजू नये. फेडीचा दाखला घेऊन तो कमी करून घ्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर उतारा पुन्हा काढून बघावा. आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा कर्ज-अहवालही मागवावा.