वाऱ्याचे मोजमाप आणि जमिनीचा धनी

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तालुक्याची ओळख दोन गोष्टींनी होते : एक तेथील धानाची शेती आणि दुसरी मलाजखंडची तांब्याची खाण. खडकात तांबे किती आहे, हे तेथे कोणी नुसत्या नजरेने ठरविले नाही. खडकात भोके पाडून, नमुने काढून, त्यांची परीक्षा करून मगच खाण उघडण्यात आली. जमिनीच्या पोटातील धनाला जो न्याय लागतो, तोच तिच्या डोक्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याला का लागू नये? पवनचक्कीसाठी जमीन मागणारा दाराशी येतो, तेव्हा तिच्या धन्याने हाच विचार प्रथम करावयास हवा. या विचारामागे दोन शतकांचा अनुभव उभा आहे.

खळ्यावर धान उफणणाऱ्या शेतकऱ्याला वाऱ्याची पारख नसते असे नाही. परंतु ती पारख अंगाला लागणाऱ्या वाऱ्याची असते. 1805 साली ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्याही समुद्रावर आणि शिडांवर दिसणाऱ्या परिणामांवरून. पुढे 1846 साली आयर्लंडमधील आर्माघ वेधशाळेच्या थॉमस रॉबिन्सन याने चार अर्धगोल वाट्या फिरविणारे वायुवेगमापक यंत्र सिद्ध केले. अंदाजाची जागा आता आकड्यांनी घेतली.

हे आकडे काटेकोर का असावे लागतात? वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. उलट वेग दहा टक्क्यांनी कमी भरला, तर शक्ती सत्तावीस टक्क्यांनी घटते. जमिनीच्या मालकाला वर्षाकाठी मिळणारा मोबदला विजेच्या उत्पन्नावर ठरला असेल, तर वाऱ्याच्या अंदाजातील लहानशी चूक त्याच्या पदरात मोठी तूट टाकते.

ही चूक विद्वानांच्या हातूनही घडली आहे. अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यात पामर पटनम याने एका टेकडीवर 1250 किलोवॅटची प्रचंड पवनचक्की उभारली. तिची वीज ऑक्टोबर 1941 मध्ये वाहिन्यांत सोडण्यात आली. जागा निवडताना वाऱ्याने वाकलेल्या झाडांच्या साक्षीवरही भिस्त ठेवण्यात आली होती. प्रत्यक्षात वारा अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरला. मार्च 1945 मध्ये चक्कीचे एक पाते तुटून पडले आणि ती पुन्हा चालली नाही. पटनमने 1948 साली या प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला.

भारतात या कामी अण्णा मणी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी मापनयंत्रे देशातच घडविण्याचे कार्य केले. निवृत्तीनंतरही त्या वाऱ्याच्या नोंदींकडे वळल्या आणि 1983 साली त्यांनी भारतातील पवनशक्तीची माहिती सहलेखकासह ग्रंथबद्ध केली. 1986 साली कोकणात देवगड येथे विजेच्या पवनचक्क्या फिरू लागल्या. मग साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडी या उघड्या पठारांवर, तसेच धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात त्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्या कातळावर पीक धड येत नव्हते, तोच वाऱ्यासाठी मोलाचा ठरला.

चेन्नई येथे 1998 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने पुढे देशाचा पवननकाशा तयार केला. 120 मीटर उंचीवर देशाची क्षमता सुमारे 6 लाख 95 हजार मेगावॅट मानली गेली. तीत महाराष्ट्राचा वाटा सुमारे 98 हजारांचा, तर मध्य प्रदेशाचा केवळ 15 हजारांचा आहे. मध्य प्रदेशातील पवनचक्क्याही प्रामुख्याने पश्चिमेस, देवास, रतलाम, मंदसौर या माळव्याच्या बाजूस आहेत. बिरसा पूर्वेच्या टोकाला, मैकलच्या डोंगरांत व जंगलांत आहे. झाडी आणि चढउतार वाऱ्याचा वेग खातात. तेथील शेतकऱ्याने मोठ्या आशेवर करार करण्यापूर्वी दहादा विचार करणे शहाणपणाचे होय.

तथापि नकाशा हा शेवटचा निर्णय नव्हे. शेवटचा निर्णय त्या शेतातील मनोऱ्याचा. मनोरा निदान पूर्ण एक वर्ष उभा राहिला पाहिजे. कारण आषाढातला वारा मार्गशीर्षात नसतो, आणि केवळ पावसाळ्याची नोंद दाखविणारा अर्धेच सत्य सांगतो. मापन किती उंचीवर झाले, हेही विचारावे. मोकळ्या माळावर दहा मीटरवरील वेगापेक्षा ऐंशी मीटरवरील वेग सुमारे एक तृतीयांशाने अधिक असतो, म्हणजे शक्ती जवळजवळ अडीचपट. खालचा आकडा वरचा म्हणून, अथवा वरचा खालचा म्हणून कोणी पुढे केला, तर साराच हिशेब फिरतो.

चक्कीच्या पायाखाली जमीन थोडीच जाते, भोवती नांगर चालू शकतो, हे खरे. परंतु रस्ता, वाहिन्यांचे खांब आणि कराराची दीर्घ मुदत यांचा भार पुढील पिढीवर पडतो. म्हणून वर्षभराच्या नोंदीची प्रत धन्याने मागून घ्यावी, जाणत्या माणसाकडून ती वाचून घ्यावी, आणि मगच कागदावर सही करावी. धान विकताना जो काटा पाहतो, त्याने वारा देतानाही माप पाहिलेच पाहिजे.