लाकडी ठशातील जपानी निसर्गचित्र

लाकडी ठशावरून कागदावर छापण्याची कला जपानमध्ये आठव्या शतकापासून होती. बौद्ध मंत्र असेच छापले जात. सुट्या खिळ्यांचा युरोपीय छापखाना तिथे पोचला तो गोव्यामार्गे. गोव्यात छपाई १५५६ साली सुरू झाली होती. युरोपची यात्रा करून परतणारे जपानी तरुण गोव्यात थांबले, तेव्हा त्यांच्यापैकी मार्तिनो हारा याचे लॅटिन भाषण १५८८ साली इथेच छापले गेले. त्यांच्याबरोबरचे छपाईयंत्र १५९० मध्ये जपानला पोचले.

तरी सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी प्रकाशक पुन्हा लाकडाकडे वळले. वळणदार, जोडून लिहिलेली अक्षरे आणि चित्र एकाच फळीवर कोरता येत. मागणी आली की जपून ठेवलेल्या फळ्यांवरून नव्या प्रती काढता येत. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांतून बहुरंगी छपाई रुळली. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा रानचेरीच्या लाकडात रेषा उठवी, छापणारा प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा उमटवी आणि प्रकाशक खर्च उचली. प्रत्येक फळीवर कागद बसवण्यासाठी कोपऱ्यात आणि कडेला खाचा असत; त्यामुळे रंग जागच्या जागी पडत.

आधी या चित्रांत नट आणि गणिका असत. १८३० च्या दशकात प्रवासाची हौस वाढली, परदेशी प्रशियन निळा रंग स्वस्त झाला आणि निसर्गचित्राला बहर आला. होकुसाईची फुजी पर्वताची ‘छत्तीस दृश्ये’ प्रत्यक्षात ४६ झाली. हिरोशिगेने तोकाइदो मार्गावरील ५३ मुक्काम चितारले. पुढे हिरोशी योशिदाने १९२६ साली तीच शिडाची जहाजे सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापली. १९३०-३१ मध्ये तो भारतात फिरला आणि त्यातून ताजमहालाची चित्रे तयार झाली.

असे चित्र पाहताना नजर आधी आकाशाच्या वरच्या कडेकडे जावी. तिथला गडद निळा खाली येता येता विरतो. ही छटा कोरलेली नसते. छापणारा ओल्या फळीवर रंग पुसत पुसत दर प्रतीसाठी ती नव्याने घडवतो. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. सपाट रंगात काही वेळा लाकडाच्या शिराही उमटतात. पाठीमागून पाहिल्यास कागदात मुरलेला रंग आणि हाताने घासलेल्या गोल दाबाच्या खुणा दिसतात. रेषा बारीक आणि अखंड असतील तर प्रत फळी नवी असतानाची. तुटक, जाड झाल्या असतील तर फळी झिजल्यानंतरची.