झेडपीच्या शाळेतली ‘पॅट’: परीक्षा मुलांची की गुरुजींची?

माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. तिसरीत चार मुलं. त्यातलं एक मूल चाचणीत मागे पडलं की वर्गाचा निकाल थेट ७५ टक्के. दहिवडीत चाळीसच्या वर्गात तेच एक मूल असतं, तर फरक पडला असता अडीच टक्क्यांचा. कागदावर मात्र दोन्ही शाळा एकाच तक्त्यात, एकाखाली एक.

ही चाचणी कुठली?

नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजेच ‘पॅट’. जागतिक बँकेच्या मदतीच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून ती २०२३-२४ पासून सुरू झाली. पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन असे तिचे तीन टप्पे. विषय भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते. पेपर तपासतात शाळेतलेच शिक्षक आणि गुण ऑनलाइन भरायचे तेही त्यांनीच.

गोम इथेच आहे. मूल कुठे अडलंय हे कळावं म्हणून चाचणी घ्यायची, तर कमी गुण ही उपयोगाची माहिती आहे. पण तोच आकडा वर जाऊन शाळेची, शिक्षकाची पत ठरवणार असेल, तर कमी गुण खरे भरायला हिंमत लागते.

हे आधीही झालंय का?

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्यामागची एक मोठी प्रेरणा सातारा जिल्ह्यातलीच होती. कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले होते. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या, आपापलं शिकणारी मुलं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला यायचे. तिथे जाऊन वर्ग पाहता येत होता. राज्यभर राबवताना त्याचे निकष झाले आणि शाळा ‘प्रगत’ आहे की नाही, याची मोजणी सुरू झाली. माझ्या मते, बघण्याची गोष्ट मोजण्याची झाली तिथेच थोडं बिनसलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा झाला आणि चाचणीच्या निकालावर शाळांवर कारवाई होऊ लागली. पुढे अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून बरोबर केल्याचं उघड झालं. २०१५ मध्ये तिथे ११ जण दोषी ठरले.

मग मोजायचंच नाही का?

मोजायचं, पण वेगळं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याला आता ‘परख’ म्हणतात, ते नमुना पद्धतीने होतं. शेवटचं झालं ४ डिसेंबर २०२४ ला, तिसरी, सहावी आणि नववीचं. सगळ्या शाळा नाहीत, चाचणीवर बाहेरची माणसं आणि निकाल जिल्ह्याचा. कुठल्याच गुरुजींचं नाव त्यात येत नाही, त्यामुळे आकडा फुगवायचं कारण उरत नाही. अर्थात, तुमच्या मुलाला वजाबाकी येते का, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी वर्गातली चाचणीच हवी.

माणदेशात आणखी एक पेच

इथली काही मेंढपाळ कुटुंबं मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असतात. सोबत गेलेलं मूल पायाभूत चाचणीला वर्गात असतं, संकलित दोनच्या वेळी नसतं. त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. गुरुजींनी मधल्या काळात फोनवर पाढे घेतले असतील, तर त्याला रकाना नाही.

पालकांनी काय करायचं?

टक्के विचारू नका, तपासलेला पेपर मागा. कुठला प्रश्न चुकला आणि त्यावर पुढे वर्गात काय केलं, हे विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीच्या बैठकीत हा विषय घेता येतो.