90 पौंडांना सोडवलेलं गाणं

'सत्ता' म्हटलं की आपल्याला मंत्रालय आठवतं. जमैकाच्या रस्ताफारी मंडळींच्या बोलीत 'सत्ता' म्हणजे निवांत बसणं, चिंतन करणं. या अर्थामागे एक गाणं आहे: 'सत्ता मासागना'.

गायक तिघे. बर्नार्ड कॉलिन्स, आणि डोनाल्ड व लिनफर्ड हे मॅनिंग बंधू. गटाचं नाव 'द अ‍ॅबिसिनियन्स', म्हणजे इथिओपियावासी. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी हाच देव मानणाऱ्या रस्ताफारींना 1966 मध्ये त्याचं किंग्स्टनमध्येच दर्शन घडलं होतं. डोनाल्ड तर इथिओपियाची अम्हारिक भाषा शिकत होता. शीर्षकाचे शब्द तिथलेच. 'आभार माना' असं त्यांना म्हणायचं होतं. अम्हारिकमध्ये मात्र ही दोन्ही क्रियापदं भूतकाळी आहेत, 'दिलं, आभार मानले' अशी. पण भक्ताच्या व्याकरणाला कोण हटकतो? बीज घरातलंच होतं: थोरला भाऊ कार्लटन याच्या गटाचं 'हॅपी लँड' हे गाणं.

1969 च्या मार्चमध्ये 'स्टुडिओ वन'मध्ये ध्वनिमुद्रण झालं. मालक क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड. संथ लय, उदास सूर, वर धर्माची भाषा. हे खपणार नाही, असं ठरवून त्याने टेप बाजूला ठेवली. दोन वर्षं ती तशीच पडून राहिली. 1971 मध्ये तिघांनी 90 पौंड मोजून आपलंच गाणं सोडवून आणलं आणि 'क्लिंच' या स्वतःच्या शिक्क्याखाली तबकडी काढली. ती धडाक्यात चालली.

इथून रिद्दिमची गोष्ट सुरू होते. रिद्दिम म्हणजे बास आणि ड्रम्सची पायाभूत साथ. आपल्याकडे चाल टिकते, शब्द बदलतात. एका चालीवर दहा भजनं बसतात. तिकडे उलटं आहे. साथ तीच राहते. चाल, शब्द, गायक सगळं नवं. 'सत्ता'च्या साथीवर बिग यूथ आणि डिलिंजर यांनी आपापलं बोलणं चढवलं. हे दोघे 'डीजे', पण जमैकन अर्थाने: तबकड्या लावणारे नव्हेत, वाजत्या साथीवर तालात बोलणारे. टॉमी मकूकने सॅक्सोफोनवर 'मंडेला' वाजवलं. खुद्द अ‍ॅबिसिनियन्सनी 'माब्राक'मध्ये याच साथीवर बायबलच्या जुन्या करारातले उतारे म्हटले. माब्राक म्हणजे अम्हारिकमध्ये वीज. मला सगळ्यांत आवडतं ते हेच. गाणं काढून घेतल्यावर बास एकटाच काय काय पेलतो, ते इथे कळतं.

आणि डॉड? तबकडी खपते म्हटल्यावर त्यानेही त्याच साथीवरच्या स्वतःच्या आवृत्त्या बाजारात आणल्या. गाणं नाकारणाऱ्याला हिशेब मात्र पक्का कळत होता.

ऐकणार असाल तर आधी 1971 ची मूळ तबकडी ऐका, लगेच 'माब्राक' लावा.